रजिस्टरची मागची पानं

रेकॉर्ड रूमला वाळवी लागली. पेस्ट कंट्रोलवाल्याने कप्पे रिकामे करायला सांगितले, म्हणून मी आणि वॉर्डातले मामा सगळे गठ्ठे गच्चीवर उन्हात मांडत होतो. त्यात तीन जाड रजिस्टरं हाताला लागली. चार क्वायरची, लाल कापडी पाठीची, पुठ्ठ्यावर माझ्याच अक्षरात नाव टाकलेली. पहिल्यावर नुसतं ‘कोविड’ लिहिलंय. आकडा नाही. दुसरं लागेल असं तेव्हा कुणाच्या मनात होतं?

मामा म्हणाले, “ताई, ही रद्दीत का?” मी म्हटलं, असू द्या जरा. आणि मग वाळवी राहिली बाजूला, मी तिथेच टाकीच्या सावलीत बसले.

नाशिकच्या एका ५० खाटांच्या खासगी हॉस्पिटलात मी केसपेपर काढते. मुंबई नाक्यावरून चालत यावं एवढ्या अंतरावर आहे, याहून जास्त पत्ता सांगत नाही. २२ वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, सिस्टर नाही. पण दारातली पहिली खुर्ची माझी. पेशंटला काय झालंय ते डॉक्टरांना कळायच्या आधी तो रिक्षातून उतरला की त्याला उतरवला, सोबत कोण आहे, पायात चपला आहेत की नाहीत, हे मला दिसतं.

भरती रजिस्टरचे छापील रकाने ठरलेले. आयपीडी नंबर, नाव, वय, पत्ता, तारीख-वेळ, निदान, डिस्चार्ज, शेरा. पण या तिन्ही रजिस्टरांत उजव्या पानावर पट्टी धरून लाल पेनाने मी जास्तीचे रकाने आखलेत, आणि तिन्हींत ते वेगवेगळे आहेत. पहिल्यात ‘प्रवास / संपर्क’. दुसऱ्यात तो रकानाच नाही. तिथे ‘कितवा दिवस’, ‘सॅच्यु.’ म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का, आणि ‘स्कोअर’ म्हणजे छातीच्या एचआरसीटी स्कॅनचा. तिसऱ्यात ‘डोस’. लाटांची तुलना करणारी माणसं टीव्हीवर बोलायला लागली की मला हे रकाने आठवतात. २०२० च्या पेशंटचा स्कोअर मी लिहिला नाही, २०२१ च्या पेशंटला प्रवास विचारला नाही. काय विचारायला हवं ते आम्हाला दर वेळी अर्धं रजिस्टर भरल्यावर कळलं.

जिल्ह्यातला पहिला रुग्ण २०२० च्या मार्चअखेर लासलगावकडे सापडला, तेव्हा आमच्याकडे फरक पडला तो एवढाच, की माझ्या टेबलावर सॅनिटायझरची बाटली आली. नंतरचे दोन महिने महामार्गावरून मुंबईकडून उत्तरेला चालत निघालेल्या माणसांच्या रांगा बघण्यात गेले. कोविडच्या खाटा आम्हाला मिळाल्या त्या पावसाळा लागल्यावर. त्याआधीची साथ मला कळली ती मावसभावाकडून.

तो पोलिसात. एप्रिलमध्ये मालेगावला बंदोबस्तावर गेला. यंत्रमाग बंद, गल्ल्या दाटीच्या, आणि बंदोबस्तावरची पोरंच एकामागून एक पॉझिटिव्ह. हाही आला. ताप नाही, खोकला नाही. दिवसभर खाटेवर बसून मोबाइलवर पत्ते खेळायचा. पण २४ तासांच्या अंतराने दोन रिपोर्ट निगेटिव्ह आल्याशिवाय सोडायचं नाही असा तेव्हाचा नियम, आणि रिपोर्ट यायलाच दिवस लागायचे. एक निगेटिव्ह, पुढचा पॉझिटिव्ह, की पुन्हा पहिल्यापासून सापशिडी. ८ मेला केंद्राने नियम बदलला. सौम्य पेशंटला लक्षणं सुरू होऊन १० दिवस झाले आणि शेवटचे ३ दिवस ताप नसला, की चाचणी न करता घरी. आठवड्याच्या आत भाऊ घरी. विषाणू तोच, फुप्फुसंही तीच. कागदावर मात्र मेच्या आधीचा पेशंट जास्त दिवस ‘आजारी’ आणि नंतरचा कमी दिवस.

हे मी तेव्हा गंमत म्हणून ऐकलं होतं.

आमच्या पहिल्या रजिस्टरची सुरुवातीची पानं चाळली की वाटतं, ही माणसं भरती का झाली होती? वय २८, तक्रार: वास येत नाही. वय ३४, तक्रार: काही नाही, बायको पॉझिटिव्ह. घरात एकच संडास, सोसायटीवाले जिन्यात उभं राहू देत नाहीत, मेडिक्लेम आहे, मालकाला सर्टिफिकेट हवंय. बरे होऊन निघाले की आम्ही टाळ्या वाजवायचो. एकदा तर एका धडधाकट तरुणावर फुलं उधळली, आणि तो बिचारा लाजून म्हणाला, मॅडम, मला काही झालंच नव्हतं.

गणपती गेले तशी पानं बदलली. सप्टेंबर २०२० ची पानं वयस्कर आहेत. साठीच्या पुढची माणसं, डायबेटिस, बीपी, बायपास झालेली. पत्ते बहुतेक शहरातले: कॉलेज रोड, इंदिरानगर, सिडको. खेड्यातले पत्ते बोटांवर मोजण्याइतके. हीच ती पहिली लाट, आणि तिचं सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं चित्र हेच: म्हाताऱ्यांचा आजार.

याच सुमाराला वॉर्डातून सिस्टरांचा आवाज खालपर्यंत यायचा, “आजोबा, पालथे व्हा!” एक रिटायर्ड मास्तर होते, ७१ वर्षांचे. ते कूस बदलायला तयार नव्हते. “जन्मात पालथा झोपलो नाही, आता शेवटी कशाला?” म्हणायचे. त्यांचा नातू व्हिडिओ कॉलवर स्वतः पालथा पडून दाखवायचा आणि मग आजोबा सिस्टरला म्हणायचे, लावा ती उशी. ते घरी गेले. जूनमध्ये गेले असते का, सांगता येत नाही. कारण मधल्या काळात डॉक्टर शिकले होते. १६ जून २०२० ला इंग्लंडच्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीचा निकाल आला: डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधले सुमारे एक तृतीयांश आणि ऑक्सिजनवरच्या पेशंटमधले सुमारे एक पंचमांश मृत्यू टाळतं, ज्याला ऑक्सिजन लागतच नाही, त्याला त्याचा उपयोग नाही. शिवाय व्हेंटिलेटरची नळी घालण्याची घाई कमी झाली, पालथं झोपवणं सुरू झालं, रक्त पातळ ठेवायची औषधं आली. मास्तरांचं वय आणि शुगर तीच राहिली असती, तरी जूनचे मास्तर आणि सप्टेंबरचे मास्तर हे दोन वेगळे पेशंट होते.

निकालातला तो शेवटचा भाग, ‘ज्याला ऑक्सिजन लागत नाही त्याला उपयोग नाही’, तो पुढे सगळे विसरले. त्याच्याकडे येते.

१६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं. आमचा नंबर पहिल्यांत. दंड चोळत चोळत आम्ही सगळ्यांनी सेल्फी काढले आणि ‘संपलं एकदाचं’ म्हणून वडापाव खाल्ला. फेब्रुवारीत लग्नं दणक्यात. मग अमरावतीकडे रुग्ण वाढल्याच्या बातम्या आल्या. मार्चअखेर नाशिकच्या बाजारात शिरायला ५ रुपयांची पावती फाडावी लागायला लागली, तासाभरात बाहेर पडायचं, नाही तर दंड. देशात सर्वांत जास्त सक्रिय रुग्ण असलेल्या दहा जिल्ह्यांची यादी आली, तीत आपण होतो.

दुसरं रजिस्टर उघडलं की आधी डोळ्यांत भरतात ती आडनावं. सलग चार ओळी एकाच आडनावाच्या. वय ६३, वय ३८, वय ३५, वय ५८. पहिल्या रजिस्टरात असं नाही. तिथे घरातला एक भरती व्हायचा, बाकीचे फोन करायचे. इथे अख्खं घर एका रिक्षेत. आणि सलग चार नंबरांनी आत गेलेले चौघे शेऱ्याच्या रकान्यात वेगवेगळे होऊन बाहेर पडलेत. ‘डिस्चार्ज’, ‘डिस्चार्ज’, ‘रेफर’, आणि एकापुढे आम्ही लिहितो ते ‘एक्स.’ अख्खा शब्द कुणीच लिहीत नाही.

पत्तेही बदलले. निफाड, दिंडोरी, सिन्नर, सुरगाणा, पेठ. द्राक्षांचा तोडा नुकताच उरकलेला किंवा चालू. तिकडून येणाऱ्यांची गोष्ट बहुतेक एकच असायची: ताप आला, गावातल्या डॉक्टरने विडाल केली, टायफॉइड निघाला, तीन दिवस सलाइन लावलं, मग दम लागायला लागला. ‘कितवा दिवस’ हा रकाना मी तेव्हाच आखला, कारण डॉक्टर आल्या आल्या तेवढंच विचारायचे. नववा, दहावा, अकरावा. शहरातली माणसं पाचव्या-सहाव्या दिवशी यायची, हातात ऑक्सिमीटर आणि एचआरसीटीची फिल्म घेऊन. “स्कोअर १४ आहे हो, पंचवीसपैकी,” असं दहावीचे मार्क सांगितल्यासारखं सांगायची. गावाकडची माणसं दहाव्या दिवशी यायची आणि त्यांचा सॅच्युरेशनचा आकडा मी बोटाला क्लिप लावल्यावरच पहिल्यांदा कुणाला तरी कळायचा. ७४. ६९. आणि माणूस बोलतोय! पाणी मागतोय, टेम्पोवाल्याला पैसे दे म्हणून मुलाला सांगतोय.

याच दिवसांत आमच्या आरएमओंशी, म्हणजे निवासी डॉक्टरांशी, माझं वाजलं. १९ एप्रिलला आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, प्रमुखांनी दिल्लीत सांगितलं होतं की दाखल रुग्णांचं सरासरी वय पहिल्या लाटेत ५० होतं, आता ४९ आहे. म्हणजे जवळपास तेच. मी म्हटलं, दिल्लीत बसून काय सांगताय? माझ्या पानावर बघा, ३६, ४१, २९, ३८. रोज तरणी माणसं जाताहेत. आरएमओ निफाडकडचे, घरची द्राक्षबाग. डबा बाजूला सारून म्हणाले, “ताई, शंभर पेट्यांत पाच खराब निघाल्या, तर चारशे पेट्यांत किती?” वीस, मी म्हटलं. “टक्का बदलला का? नाही. पण बागेच्या बांधावर वीस पेट्या फेकलेल्या दिसल्या की गाव काय म्हणेल? औंदा माल गेला म्हणेल.”

तो हिशेब मला अजून पटतो. सप्टेंबर २०२० मध्ये देशात दिवसाला सर्वांत जास्त म्हणजे ९८ हजारांच्या घरात रुग्ण सापडले होते. मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात ते ४ लाखांवर गेले. तरुणांचा वाटा अजिबात वाढला नसता, तरी मेलेले तरुण चौपट दिसले असते. पण फक्त तेवढंच होतं असंही मी म्हणणार नाही. १ मार्चपासून साठीच्या पुढच्यांना लस मिळत होती, १ एप्रिलपासून ४५ च्या पुढच्यांना. म्हातारी माणसं एक डोस घेऊन घरात बसली होती. पस्तिशीतला माणूस अंबडच्या कंपनीत तिन्ही शिफ्टला जात होता, मार्केट यार्डात गाळ्यावर उभा होता, आणि त्याच्यासाठी लस खुली झाली ती १ मेला, आणि आपल्याकडे तर साठाच नसल्याने दोन आठवड्यांत तीही थांबली.

माझी आजी निफाडची. १९१८ च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीच्या वेळी ती सहा-सात वर्षांची होती. ती सांगायची, पावसाळ्याच्या तोंडी आली ती नुसती तापाची आली. माणसं पडली आणि उठली. पाऊस दगा देऊन गेला, आणि दसऱ्याच्या सुमाराला आली ती तरणीताठी माणसं घेऊन गेली. “म्हाताऱ्या उरल्या चुलीपाशी, आणि लेकी-सुना गेल्या.” आम्ही ते आजीचं वाढवून सांगणं समजायचो. पुढे कळलं की मुंबई इलाख्यात खरंच असंच झालं होतं, जूनची लाट हलकी, सप्टेंबर-ऑक्टोबरची भयंकर, आणि जास्त मेले ते २० ते ४० च्या मधले. १९११ ते १९२१ या दशकात तर देशाची लोकसंख्याच घटली. आजीकडे रकाना नव्हता, टक्का नव्हता. चुलीपाशी कोण उरलं एवढंच तिने मोजलं होतं.

आता दाराचं सांगते, कारण मला खरं बोलायचंय ते त्याबद्दल.

त्याच दिल्लीच्या आकड्यांत आणखी एक होता: पहिल्या लाटेत दाखल रुग्णांपैकी सुमारे ४१ टक्क्यांना ऑक्सिजन लागला, दुसऱ्यात सुमारे ५४ टक्क्यांना. पेपरात मथळा आला की विषाणू जास्त घातक झालाय. झालाच होता. महाराष्ट्रातच आधी सापडलेला तो प्रकार, ज्याला पुढे डेल्टा नाव मिळालं, झपाट्याने पसरायचा आणि छातीत लवकर उतरायचा. घरातल्या एकाला झाला की सगळ्यांना, ही सलग आडनावं त्याचीच. पण दारात बसून मी आणखी एक गोष्ट बघत होते. सप्टेंबरमध्ये ९६ सॅच्युरेशनवाल्याला मी केसपेपर काढून दिला होता. एप्रिलमध्ये ९३ वाल्याला “घरी पालथे झोपा, फोन करा” म्हणून परत पाठवत होते, आणि पुढे पुढे तर ८८ वाल्यालाही. मग आत ऑक्सिजन न लागणारा माणूस राहणार कुठून? वॉर्डातला आकडा विषाणूचा जेवढा, तेवढाच तो माझ्या दाराच्या फटीचा होता.

बाळंतिणींचं तर त्याहून अवघड. आयसीएमआरने गरोदर बायांच्या नोंदींवरून सांगितलं की पहिल्या लाटेत बाधितांपैकी ०.७ टक्के दगावल्या आणि दुसऱ्यात ५.७ टक्के. लक्षणं असणाऱ्यांचं प्रमाण १४.२ वरून २८.७ वर गेलं. भीषण आहे, आणि आमच्या लेबर रूमने ते बघितलंय. आठव्या महिन्याच्या बाईला पालथं झोपवता येत नाही, उशा रचून रचून कुशीवर ठेवायच्या. गरोदर बायांना लसीची परवानगी मिळाली ती २ जुलैला, म्हणजे आग विझल्यावर. पण याच नोंदी वाचताना हेही ध्यानात घ्यावं लागतं की पहिल्या लाटेत बाळंतपणाला आलेल्या प्रत्येक बाईची चाचणी व्हायची आणि पॉझिटिव्ह निघालेल्या बहुतेकींना काहीच होत नसायचं. गरोदर बायांच्या बाबतीत मी दुसरी लाट जास्त वाईट मानते, दाराचा हिशेब वजा करूनही. मला वजाबाकी किती करायची तेवढं कळत नाही.

२१ एप्रिलला शहरातल्या महापालिकेच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली आणि त्या दुपारी २२ रुग्ण गेले. त्यावर मी काही लिहिणार नाही. एवढंच, की त्या रात्री आमच्याकडे मॅनेजरपासून मामांपर्यंत सगळे जम्बो सिलिंडरच्या खोलीबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसले होते आणि दर अर्ध्या तासाला कुणी तरी उठून काटा बघत होतं.

रजिस्टरच्या मागच्या पानांची सुरुवात त्याच आठवड्यातली. समोरून रजिस्टर भरतीचं. उलटं धरलं की मागून सुरू होते दुसरी यादी, तिला मथळा नाही. कुणी सांगितलं नव्हतं मला ती ठेवायला. एका रात्री पाच जणांना परत पाठवलं आणि सकाळी डॉक्टरांनी विचारलं, “त्या सिन्नरच्या पेशंटचं काय झालं, एक खाट होतेय,” तर माझ्याकडे त्याचा नंबर नव्हता. तेव्हापासून लिहायला लागले. नाव, वय, वेळ, सॅच्युरेशन, फोन, आणि शेवटी ‘खाट नाही’. काही जणांना नंतर फोन लागला आणि ते आले. काहींचा फोन दुसऱ्याच कुणी उचलला.

या माणसांची नोंद कुठल्याही लाटेच्या कुठल्याही तक्त्यात नाही. सगळे तक्ते ‘दाखल रुग्णांपैकी’ या शब्दांनी सुरू होतात.

शेऱ्याचा रकानाही तितकाच फसवा. मे संपता संपता जी माणसं मी ‘डिस्चार्ज’ लिहून, नारळ देऊन पाठवली होती, त्यांतली काही परत आली. गाल सुजलेला. वरचे दात हलताहेत. एक डोळा उघडत नाही. काळी बुरशी. ऑक्सिजन लागत नसताना पहिल्या दिवसापासून घरी घेतलेलं स्टेरॉइड, त्याने चढलेली शुगर, आणि त्यात हा संसर्ग. जूनच्या निकालातलं ते शेवटचं वाक्य इथे कामाला आलं असतं. घरच्यांनी रेमडेसिविरसाठी रात्र रात्र रांगा लावल्या होत्या, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत त्या औषधाने मृत्यू कमी होत नाहीत हे २०२० च्या ऑक्टोबरमध्येच दिसलं होतं. आता तीच माणसं बुरशीवरच्या अ‍ॅम्फोटेरिसिनसाठी पुन्हा रांगेत. एका माणसाचा वरचा जबडा काढला. रजिस्टरात तो दोनदा आहे. पहिल्या ओळीत बरा झालेला, आणि दोनशे ओळींनंतर नवा पेशंट, नवा आयपीडी नंबर.

तिसऱ्या रजिस्टरबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आणि तेच कदाचित चांगलं. जानेवारी २०२२. देशात पुन्हा दिवसाला साडेतीन लाखांच्या आसपास रुग्ण, पण आमचे जम्बो सिलिंडर भिंतीला टेकून उभे. ओमायक्रॉन घसा धरायचा, छातीत फारसा उतरायचा नाही. आणि तो येईपर्यंत बहुतेकांच्या अंगात एक तर लस होती, नाही तर डेल्टा होऊन गेलेला. निदानाच्या रकान्यात बघा: मांडीचं हाड मोडलं. बाळंतपण. अपेंडिक्स. डायलिसिस. आणि पुढे कंसात कोविड. माणसं दुसऱ्याच कामासाठी यायची, ऑपरेशनच्या आधी चाचणी व्हायची, आणि माझ्या रजिस्टरात त्यांची भर पडायची. फेब्रुवारीत आयसीएमआरने सांगितलं, दाखल रुग्णांचं सरासरी वय आता ४४, घशाची तक्रार जास्त. मला हसू आलं. ४४ व्या वर्षी नवा विषाणू जास्त आवडीने धरत होता असं नाही. पाय मोडून घेणारी आणि बाळंत होणारी माणसं तरुणच असतात.

माझी आत्या याच रजिस्टरात आहे. ७४ वर्षं, किडनीचा जुना आजार, आठवड्याला दोन डायलिसिस. लस घेतली नव्हती. “मला कशाला, तरण्यांना द्या” म्हणाली होती. चौथ्या दिवशी गेली. दहाव्याला आलेली माणसं विचारायची, “कोविड? आत्ताचा? यात कुणी जातं का?” आमच्या घरच्यांनाही ते सांगायला ओशाळल्यासारखं व्हायचं. एप्रिलमध्ये गेली असती तर कुणी असं विचारलं नसतं. हलकी लाट म्हणतात ती हीच, आणि मी त्यात वाद घालत नाही.

त्याच्या महिनाभर आधीची गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोविडने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये मिळायला लागले होते आणि माझ्या टेबलापुढे कागदांसाठी रांग होती. पॉझिटिव्ह रिपोर्टपासून ३० दिवसांत मृत्यू झाला असेल तर तो धरायचे, घरी झाला तरी. नाही तर दाखल असताना डॉक्टरांनी निदान केलेलं हवं. ज्यांच्या दाखल्यावर नुसतं ‘हृदयक्रिया बंद’ लिहिलं होतं, त्यांच्यासाठी मी फायली उकरून देत होते. रांगेत पेठकडची एक मुलगी होती, विशीतली. वडिलांचं नाव सांगितलं. तारीख सांगितली, २४ एप्रिल. मी पुढून सगळं बघितलं. नाव नव्हतं.

“रिपोर्ट केला होता का?” नाही. फक्त एचआरसीटी. स्कोअर १९. भरती कुठेच झाले नव्हते. मी तिला जिल्ह्याच्या तक्रार समितीकडे अर्ज करता येतो ते सांगितलं, कोऱ्या कागदावर लिहूनही दिलं. ती हलेना. म्हणाली, “पैशाचं नाही. दादा म्हणतो, मी गाडी काढायला उशीर केला. आई पण तसंच म्हणते. दादा आता जेवायला सगळ्यांबरोबर बसत नाही.”

मी रजिस्टर उलटं केलं.

चौथ्या पानावर होतं. नाव, वय ५२, सॅच्यु. ७८, रात्री १.१०, खाट नाही. फोन नंबर तिच्या भावाचा. त्या रात्रीचं मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं, अजूनही आठवत नाही. तिने ओळीवर बोट ठेवलं, मग विचारलं, “हे तुम्ही लिहिलंय?” मी हो म्हटलं.

“७८ ला वाचतात का माणसं?”

मी म्हटलं, वाचतात. आमच्याकडे ६९ वालेही वाचलेत.

“म्हणजे आम्ही वेळेत आलो होतो.”

तिने मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढला, हलला म्हणून परत काढला, आणि बसच्या वेळेसाठी निघून गेली.

गच्चीवर मी ते पान पुन्हा काढलं. वाळवीने खालचा कोपरा खाल्लाय, फोन नंबरचे शेवटचे तीन आकडे गेलेत. १.१० वाचता येतं.